डोळे मिचकावणं, तोंड ओढणं (टिक्स): शिथिलीकरण आणि संमोहनाचा आमच्या घरचा अनुभव

मागावरची_आई · रविवार, रात्री ९:५०

नमस्कार. मी बेळगावची, वडगावात राहते. दोन वर्षं इथं नुसती वाचते आहे, लिहायला आज बसले. कारण माझा मुलगा. वय ११, सहावीत आहे, मराठी माध्यम.

सहा वर्षांचा होता तेव्हा डोळे मिचकावायला लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून थेंब दिले. महिन्याभरात मिचकावणं थांबलं आणि आम्ही थेंबांचे आभार मानले. दिवाळीनंतर नाक उडवणं सुरू झालं. ते गेलं आणि डोळे परत आले. गेल्या वर्षीपासून उजव्या ओठाचा कोपरा कानाकडे ओढला जातो. कधी एकदा, कधी लागोपाठ पाच-सहा वेळा.

घरात ज्याला जे सुचलं ते त्यानं केलं. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. माझे भाऊ म्हणाले, लाड फार झालेत. मी स्वतः दिवसातून पन्नास वेळा ‘डोळे नीट ठेव’ म्हणत होते. एकदा पाहुण्यांसमोर त्याच्या हातावर चापट मारली. तेव्हा तो रडला नाही. नुसतं म्हणाला, “आई, मी करत नाही गं, ते आपोआप होऊलंय.” ती चापट मला अजून आठवते.

शाळेत एका बाईंना वाटलं हा डोळा मारतो. वर्गासमोर उभं केलं. त्यानंतर दोन आठवडे रोज सकाळी त्याचं पोट दुखायचं. शेवटी बालरोगतज्ज्ञांनी मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि तिथं पहिल्यांदा ‘टिक्स’ हा शब्द ऐकला. तपासून ते म्हणाले, फिट नाही, घाबरू नका, सध्या औषधही नको, मानसोपचाराचं प्रशिक्षण घेतलेल्या मॅडमकडे जा.

मॅडम कन्नड भाषक, स्वभावानं फार चांगल्या. त्यांनी तीन गोष्टी शिकवल्या. टिक येते आहे असं आतून वाटलं की तिच्या विरुद्ध हालचाल करायची. अंग सैल सोडायचं. आणि स्वतःच स्वतःला संमोहित करायचं. शेवटचं ऐकून आमच्या घरात वादळ झालं. सासरे म्हणाले, पोरावर वशीकरण करणार का? मलाही भीती वाटलीच.

पहिल्या वेळी त्यांनी मोबाइलवर आवाज भरून दिला. “उसिरु तगो… उसिरु बिडु…” म्हणजे श्वास घे, श्वास सोड. पुढे समुद्रकिनारा, वाळू, लाटा. पोरगं डोळे मिटून पडायचं, पण कपाळाला आठ्या. दहा दिवसांनी विचारलं तर म्हणाला, “कन्नड ऐकलं की वाटतंय आत्ता प्रश्न विचारणार.” शाळेत कन्नड म्हणजे त्याच्यासाठी मार्कांचा विषय. आणि समुद्र त्यानं एकदाच पाहिलाय, तेव्हा लाटेनं पाडलं होतं.

मी हे मॅडमना घाबरत घाबरत सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी त्यालाच विचारलं, “तुमच्या घरी सगळ्यात शांत वेळ कोणती?” तो एका क्षणात म्हणाला, “बाबा माग बंद करतात ती.”

आमचे चार यंत्रमाग आहेत. पुढच्या खोलीत माग, मागे आम्ही राहतो. सकाळी सातपासून तो खडखडाट. आम्ही सगळे मोठ्यानं बोलतो ते त्यामुळेच. रात्री नऊ वाजता ह्यांचं काम संपतं. एकेक खटका खाली. पहिला माग थांबला की फरक कळत नाही. दुसरा थांबला की थोडा कळतो. तिसरा थांबला की घरातली भांडी ऐकू येतात. चौथा थांबला की कानात नुसतं गुंई होतं, आणि मग हळूहळू घड्याळ, शेजारच्यांचा कुकर, गल्लीतलं कुत्रं. जन्मल्यापासून पोरगं ह्याच शांततेत झोपलंय.

आता तेच त्याचं संमोहन आहे. चटईवर उताणा पडतो. आधी मुठी आवळायच्या, पाच आकडे मोजायचे, सोडायच्या. तसंच खांदे, पोट, पाय. तोंड आवळायचं नाही, हे मॅडमनी बजावलंय. मग डोळे मिटून चार माग बघायचे. पहिला पायात, दुसरा पोटात-छातीत, तिसरा खांद्या-हातांत, चौथा चेहऱ्यावर. एकेक खटका पाडायचा. चौथ्या मागाचा धोटा हळू, अजून हळू, आणि थांबला. मग मनात म्हणायचं, “धागा सैल आहे.” म्हणताना अंगठा तर्जनीला टेकवायचा. शाळेत ओठ ओढायची ऊर्मी आली की नुसता अंगठा टेकवतो, लांब श्वास सोडतो, ओठ हलके मिटून धरतो. शेजारच्या पोरालाही कळत नाही.

चार महिने झाले. टिक्स गेलेल्या नाहीत. मॅडमनी मला रोज संध्याकाळी दहा मिनिटं, त्याला कळू न देता मोजायला सांगितलं होतं. पहिल्या आठवड्यात ४० ते ७०. आता १० ते २५. सहामाहीच्या आठवड्यात परत ५० झाल्या. पण झोप चांगली लागते आणि सकाळचं पोटदुखणं थांबलंय.

मला विचारायचंय ते हे. हा फरक संमोहनाचा, की वयाचा? असं आणखी कुणी केलंय का? आणि सासऱ्यांना काय सांगू?

---

निपाणीकर · रविवार, रात्री ११:२०

ताई, मुलाचं ते ‘आपोआप होऊलंय’ वाचून थांबलो. माझं वय ४१. आठ वर्षांचा असल्यापासून मला डोळ्यांच्या आणि मानेच्या टिक्स आहेत.

लोकांना कळत नाही म्हणून सांगतो, आतून कसं वाटतं ते. शिंक यायच्या आधी नाकात जे होतं, तसं डोळ्याच्या मागे काहीतरी साठतं. शिंक थोडा वेळ दाबता येते, कायमची दाबता येत नाही. तसंच. मिचकावलं की दोन सेकंद बरं, मग परत साठायला लागतं. त्यामुळे ‘तू मुद्दाम करतोस’ हेही चूक, आणि ‘त्याला थोडंसुद्धा थांबवता येत नाही’ हेही तितकंसं खरं नाही.

शाळेत मी दिवसभर धरून ठेवायचो आणि घरी आल्यावर तास-दीड तास नुसता सुटायचो. आईला वाटायचं, शाळेत चांगला असतो आणि घरात नाटकं करतो.

संमोहनाचा माझा पहिला अनुभव वाईट आहे. पंचविशीत लग्न ठरत नव्हतं म्हणून एका शहरातल्या ‘संमोहनतज्ज्ञा’कडे गेलो. तीन बैठकांत मुळापासून घालवतो म्हणाला, पैसे आधी घेतले. डोळ्यांसमोर लोलक, ‘तू आता गाढ झोपलास’. मी झोपलो नव्हतो. लाजेनं डोळे मिटून पडलो होतो. तिसऱ्या बैठकीनंतर म्हणाला, तुमची इच्छाशक्ती कमी आहे. दोष माझ्याच पदरात टाकून मोकळा झाला. त्यानंतर पंधरा वर्षं मी कुणाकडे गेलो नाही.

दोन वर्षांपूर्वी कोल्हापुरात एका डॉक्टरांकडे रीतसर शिथिलीकरण शिकलो. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की हे टिक्स घालवणार नाही, टिक्सच्या अवतीभोवतीची तुमची धास्ती कमी करेल. तसंच झालं. ताई, तुमच्या मॅडमनी पोराला ‘बरं करतो’ असं वचन दिलंय का? नसेल दिलं तर त्या योग्य माणूस आहेत.

---

मागावरची_आई · सोमवार, सकाळी ६:१५

दादा, नाही दिलं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ‘आपण चेहऱ्याशी भांडायचं नाही.’

शाळेतून आल्यावर सुटतो ते आमच्याकडेही आहे. मी तेव्हा स्वयंपाकघरात असते आणि बघून न बघितल्यासारखं करते. चापट मारण्यापेक्षा हे अवघड आहे.

---

मानसवाट · सोमवार, दुपारी २:०५

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे, सीमेच्या दोन्ही बाजूंचे पेशंट बघते. ताई, तुमची मोजदाद आणि मागांचं वर्णन दोन्ही वाचून आनंद झाला. प्रश्नांची उत्तरं जरा सविस्तर देते.

टिक्स बहुधा चार ते सहा वर्षांच्या वयात सुरू होतात, दहा ते बाराच्या आसपास जोरात असतात आणि बऱ्याच मुलांत वयात येता येता कमी होतात. मुलींपेक्षा मुलग्यांत तिपटी-चौपटीनं जास्त. त्या येतात-जातात, जागा बदलतात. म्हणून थेंबांनी गेल्या, अंगाऱ्यानं गेल्या असं वाटतं. आपण डॉक्टरकडे जातो तेच मुळी त्या शिगेला पोचल्या की, आणि शिगेवरून त्या आपसूक खाली येणारच असतात. तुमच्या मुलाचा सगळा फरक संमोहनाचा असं मी म्हणणार नाही. सगळा वयाचा असंही म्हणणार नाही. सहामाहीनंतर आकडा किती दिवसांत खाली आला ते बघा. आधी असा चढ उतरायला किती आठवडे लागत होते ते आठवून पाहा.

कारण मेंदूत आहे. हालचालींना वाट देणारी आणि अडवणारी जी मंडलं आहेत, मेंदूत खोलवर असलेली बेसल गँग्लिया ही केंद्रं आणि मेंदूचा पुढचा भाग यांच्यामधली, तिथं अडवणं थोडं सैल पडतं. घराण्यातही येतं. लाडानं होत नाही, माराने जात नाही. ताण, दमणूक, जागरण, ताप, अगदी सणाचा आनंदसुद्धा त्या वाढवतो. आणि त्यांच्याविषयी बोललं की त्या वाढतात. ‘डोळे नीट ठेव’ म्हटलं की डोळे का बिघडतात, ते ह्यात आलं.

आता संमोहन. स्कॉटिश सर्जन जेम्स ब्रेड यांनी १८४३ च्या सुमारास निद्रेच्या ग्रीक देवावरून ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द रूढ केला. पुढे त्यांना स्वतःलाच तो शब्द खटकू लागला, कारण ती झोप नव्हे. लक्ष एका गोष्टीवर पूर्ण एकवटलेलं असतं. आपल्याकडे ‘संमोहन’ म्हटलं की त्यात मोहिनी आली आणि तिच्या मागून वशीकरण आलं. सासऱ्यांना हा शब्दच सांगू नका. त्यांना विचारा, भजनात टाळ वाजवताना मागे कुणी हाक मारली तर ऐकू येते का? येत नाही. पण भान असतं, ताल चुकत नाही, आणि उठून जावंसं वाटलं तर माणूस उठतो. तेवढंच आहे हे.

एक जुना धागा सांगते. ज्या फ्रेंच डॉक्टरांच्या नावानं टिक्सचा ‘तुरेत सिंड्रोम’ हा विकार ओळखला जातो, त्या जॉर्ज जिल द ला तुरेत यांनी १८८५ मध्ये नऊ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. ते पॅरिसला शार्को या नामांकित मेंदूविकारतज्ज्ञांच्या हाताखाली होते, तिथं संमोहनावर मोठं काम चाललं होतं आणि तुरेत यांनी स्वतःही त्यावर लिहिलं. १८९३ मध्ये एका बाईनं, आपल्याला संमोहित करून बिघडवलं असं म्हणत, त्यांच्यावर गोळी झाडली. ते वाचले. तेव्हा ह्या शब्दाची धास्ती काही फक्त वडगावात नाही.

पुराव्याचं बोलायचं तर टिक्सवर सगळ्यात भक्कम आधार आहे तो ‘विरुद्ध हालचाली’च्या पद्धतीला. आझरिन आणि नन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये ती मांडली. २०१० मध्ये अमेरिकेत ९ ते १७ वयाच्या १२६ मुलांवर तिची नीट परीक्षा झाली. दहा आठवड्यांत ह्या पद्धतीनं जवळजवळ ५३ टक्के मुलांत ठळक सुधारणा दिसली, नुसता आधार आणि माहिती दिलेल्या गटात १९ टक्के. स्व-संमोहनावर त्याच वर्षी ३३ मुलांचा एक अभ्यास आला, त्यात २६ मुलांना थोड्या दिवसांत फायदा दिसला. पण तिथं तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून मी त्यावर फार वजन टाकत नाही. आणि नुसतं शिथिलीकरण एकटं वापरलं तेव्हा टिक्सवर त्याचा टिकाऊ परिणाम फारसा दिसला नाही.

मग मी ते का शिकवते? कारण आवळलेल्या, घाबरलेल्या मुलाला ती शिंकेसारखी ऊर्मी ओळखताच येत नाही. शांत झाला की येते. ऊर्मी ओळखली तरच विरुद्ध हालचाल वेळेवर होते. तुमच्या मुलाचा अंगठा, लांब श्वास आणि मिटलेले ओठ, ह्यात खरं काम ओठ करतात. अंगठा आणि श्वास त्यांना वेळ मिळवून देतात.

---

खाचरातला · सोमवार, दुपारी ४:३०

एवढं सगळं करण्यापेक्षा औषध का नाही? माझ्या पुतणीला क्लोनिडीन चालू आहे, बराच फरक आहे. चार-चार महिने पोराला चटईवर झोपवायचं आणि परीक्षेत परत ५० वर.

---

मानसवाट · सोमवार, रात्री ८:४०

तुमच्या पुतणीला फरक आहे तर ते औषध योग्यच आहे, कृपा करून माझं वाचून बंद करू नका. क्लोनिडीन तर एकदम थांबवूच नये, रक्तदाब उसळतो. टिक्समुळे दुखत असेल, इजा होत असेल, वाचता-लिहिता येत नसेल, मूल शाळा सोडायला निघालं असेल तर औषधाचा विचार जरूर करावा आणि तो डॉक्टरांनी करावा. त्या औषधांनी झोप येते, काहींनी वजन वाढतं. म्हणून टिक्स नुसत्या दिसतात एवढ्या कारणासाठी सहसा देत नाहीत. पुष्कळदा टिक्सपेक्षा सोबतची चंचलता किंवा मंत्रचळ (तेच तेच विचार, तीच तीच कृती) मुलाला जास्त छळतो. तो तपासायला हवा.

---

खाचरातला · सोमवार, रात्री ९:१०

बरोबर. पुतणीची मान झटके देऊन देऊन दुखायची, तिला रात्री उशीवर डोकं टेकवत नव्हतं. तिची गोष्ट वेगळी आहे हे लक्षात आलं.

---

नदीपलीकडची · सोमवार, रात्री १०:००

एक महत्त्वाची गोष्ट सांगते, कारण आमच्याकडे ह्यात दोन वर्षं गेली. तोंडावरचं प्रत्येक फडफडणं टिक नसतं.

माझी आई, वय ५८, संकेश्वरला असते. डावा डोळा फडफडायचा. पुढे गाल आणि ओठही त्याच बाजूला ओढला जायचा. आम्ही ताण म्हणून शवासन, प्राणायाम, जप सगळं केलं. आई बिचारी मनापासून करायची आणि फरक पडला नाही की स्वतःला दोष द्यायची. शेवटी कळलं की तो हेमिफेशियल स्पॅझम. चेहऱ्याच्या नसेला मेंदूजवळ एक रक्तवाहिनी घासत होती. मोठ्या वयात सुरू झालेलं, कायम एकाच बाजूला, झोपेतसुद्धा न थांबणारं. बोटॉक्सची इंजेक्शनं दिली, आता दर काही महिन्यांनी घ्यावी लागतात, पण आई परत लग्नकार्याला जाते.

आणि माझं स्वतःचं म्हणाल तर मार्चएंडला खालची पापणी आठ-आठ दिवस थरथरते. ते जागरण आणि चहा. झोपले की जातं.

तर मोठ्या वयात नव्यानं सुरू झालं, एकाच बाजूला आहे, तोंड वाकडं झालं, किंवा मूल मधेच थिजून शून्यात बघतं आणि हाक ऐकत नाही, असं काही असेल तर आधी डॉक्टर. चटई नंतर.

---

फळा_आणि_खडू · मंगळवार, सायंकाळी ६:२५

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिक्षक आहे. मागावरच्या ताई, तुमच्या मुलाला वर्गासमोर उभं केलं ते वाचून लाज वाटली. असं मीही एकदा केलंय. मुलगा घसा खाकरायचा, मला वाटलं टिंगल करतो. त्याला व्हरांड्यात उभं केलं. त्याच्या वडिलांनी डॉक्टरांचा कागद आणून दाखवला तेव्हा कळलं.

त्यानंतर मी काय केलं ते सांगतो, कुणा शिक्षकाला उपयोगी पडेल. त्याला पहिल्या बाकावरून उठवून खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर बसवलं. पहिल्या बाकावर सगळ्या वर्गाचे डोळे पाठीवर असतात. आणि आमची एक खूण ठरली. पेन्सिल आडवी ठेवली की मी त्याला ऑफिसातून खडू आणायला पाठवायचो. दोन मिनिटं बाहेर जाऊन मोकळा होऊन यायचा. वर्गाला तो खडूवाला मॉनिटर वाटायचा. वर्षभर आमच्या शाळेत खडू कमी पडला नाही.

इतर मुलांना मी काहीही समजावलं नाही, कारण त्यानं नको म्हटलं. दुसरा एखादा मुलगा सांगा म्हणेल. त्यालाच विचारावं.

एक शंका. दुपारच्या सुट्टीनंतर मी पाचवीला दहा मिनिटं योगनिद्रेसारखं करून घेतो. संमोहन आणि ते एकच का?

---

मानसवाट · मंगळवार, रात्री ९:३०

सर, ‘त्यानं नको म्हटलं म्हणून’ हे फार मोलाचं केलंत.

योगनिद्रा, जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांचं स्नायू आवळून सोडणं आणि स्व-संमोहन, तिघांचा पहिला अर्धा रस्ता जवळजवळ एक आहे. अंग सैल, श्वास लांब, लक्ष आत. एडमंड जेकबसन यांनी १९२० च्या दशकात हेच दाखवलं की माणसाला ‘सैल सोड’ म्हणून कळत नाही. आधी आवळून बघितलं की सोडणं म्हणजे काय ते स्नायूला कळतं. संमोहनात पुढे एक पायरी असते. त्या अवस्थेत आपण स्वतःला एखादी सूचना देतो, आणि ती पुन्हा आठवायला एक खूण बांधतो. ‘धागा सैल आहे’ आणि अंगठा, ही ती पायरी.

चेहऱ्याच्या टिक्स असलेल्या मुलाला चेहरा आवळायला लावू नका. माझ्या अनुभवात काहींची टिक त्यानंच चेतते. हातापायांवरच काम करा, चेहरा मागून येतो. डोळे मिचकावणाऱ्याला विरुद्ध हालचाल म्हणून ठरवून, सावकाश, तीन-चार सेकंदांनी एकदा पापणी मिटायला शिकवतात. नाक उडवणाऱ्याला वरचा ओठ किंचित खाली ओढून ओठ मिटायला. प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून एकदा तरी शिकलेल्या माणसाकडून बसवून घ्यावी.

निपाणीकर, तुम्ही घरी ‘सुटायचात’ त्याविषयी. दाबून ठेवल्यानं नंतर टिक्स दुपटीनं उसळतात असं प्रयोगांत आढळलेलं नाही. शाळेत तुम्ही राखण करत होता, घरी राखण सोडत होता, एवढंच. मुलाला ‘धरून ठेवलंस तर साठेल’ अशी भीती घालायचं कारण नाही.

---

निपाणीकर · मंगळवार, रात्री १०:५०

मॅडम, हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी साठण्याच्या भीतीनं कार्यक्रमांतून मधेच उठून जात आलोय.

---

कित्तूरकर · बुधवार, सकाळी ११:१५

माझी मातृभाषा कन्नड, मराठी शेजाऱ्यांत वाढलो, चुका पोटात घाला. त्या मॅडमबद्दल वाचून बरं वाटलं. भाषेचा मुद्दा मला उलट बाजूनं माहीत आहे. माझी बहीण लग्न होऊन इचलकरंजीला गेली. तिथं पॅनिकचा त्रास झाला तेव्हा शिथिलीकरण मराठीत शिकवलं. ती छान मराठी बोलते, बाजार करते, भांडते पण मराठीत. पण डोळे मिटले की ‘निधान’ (म्हणजे सावकाश) हाच कन्नड शब्द तिला सैल करतो. ‘हळूहळू’ म्हटलं की तिला वाटतं कुणी सूचना देतंय. आईनं झोपवताना पाठीवर हात ठेवून म्हटलेला शब्द तो.

बेळगावात अर्धी घरं दोन भाषांत जगतात. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी एवढं विचारायला हवं की तुला झोपवताना घरात कोणत्या भाषेत बोलायचे.

---

मानसवाट · बुधवार, दुपारी १:४०

हा प्रश्न मी आजपासून माझ्या पहिल्या भेटीच्या कागदावर घेते आहे. मी आजवर ‘मातृभाषा कोणती’ एवढंच विचारत होते. तुमचा प्रश्न जास्त अचूक आहे.

---

हरिपाठ_रोज · बुधवार, सायंकाळी ७:३०

आमच्या येळ्ळूरकडच्या घरी नातू नाक उडवतो. संध्याकाळी हरिपाठाला माझ्याजवळ बसतो तेव्हा अर्धा तास एकदाही उडवत नाही. मी समजत होते देवाची कृपा. आता वाचून वाटतं, लक्ष एकवटतं ते असेल. दोन्ही असू दे. त्याला मुद्दाम बसवत नाही, आपणहून येतो.

---

सीमेवरची_लेक · बुधवार, रात्री १०:१०

मी चंदगड तालुक्यातली, माहेर बेळगाव. माझ्या मुलीला, वय ९, दीड वर्षापासून डोळ्यांच्या टिक्स आहेत. जवळ कुणी शिकवणारं नाही. बेळगावात किंवा धारवाडात कुठं जावं? आणि ताई, तुमचं मागांचं मी वापरू का?

---

फळा_आणि_खडू · बुधवार, रात्री १०:३५

धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञान संस्था आहे. बेळगावात जिल्हा रुग्णालयात, बीम्सला, मानसोपचार विभागात आधी दाखवता येईल. घरबसल्या बोलायचं तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे, फोन मोफत, भाषा निवडता येते. जाताना मुलीचा टिक्स येतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ न्या. दवाखान्यात गेल्यावर नेमक्या येत नाहीत. फक्त तिला विचारून काढा.

---

मागावरची_आई · बुधवार, रात्री ११:०५

जरूर वापरा ताई. पण माग तिच्या घरात नसतील तर माग सांगू नका. तिलाच विचारा, घरात सगळ्यात शांत वेळ कोणती. आणि मध्ये सुचवू नका, थांबा. माझा मुलगा पटकन बोलला, तुमची लेक दोन दिवस घेईल.

सासऱ्यांना टाळाचं सांगितलं. काही बोलले नाहीत. पण काल रात्री हा चटईवर होता तेव्हा त्यांनी टीव्हीचा आवाज आपणहून कमी केला.

---

सीमेवरची_लेक · शुक्रवार, रात्री ८:२०

विचारलं. दोन दिवस नाही लागले, पण जेवण होईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, “गिरण बंद झाल्यावर पीठ खाली बसतं ती.” आमची पिठाची गिरण आहे. पट्टा थांबला तरी पीठ हवेत तरंगत असतं, खिडकीच्या उन्हात दिसतं, आणि सावकाश खाली येतं. मी रोज ते झाडते, कधी बघितलं नव्हतं.

तिला सांगितलं, तसंच पापण्यांवर बसू दे. एकदा केलं. जास्त काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात बेळगावला दाखवायला येतोय. रेकॉर्डिंग कुणाच्या आवाजात करता? माझ्या आवाजात केलं तर ती हसते.

---

मागावरची_आई · शुक्रवार, रात्री ९:४०

मागांचं रेकॉर्डिंग आधी माझ्याच आवाजात होतं, आमचाही हसायचा. मग मॅडम म्हणाल्या, त्यालाच बोलू दे. आता त्याच्या आवाजात आहे, आमच्या बोलीत: “पयला खटका पाडलो. पाय सैल झाल्यात.” शेवटचा खटका मात्र त्याला खरा हवा होता. म्हणून परवा रात्री नऊला मोबाइल घेऊन पुढच्या खोलीत गेला आणि बाबांना म्हणाला, “चौथा मी पाडतो, तुम्ही कोण बोलू नका.” आम्ही तिघं दारात गप्प उभे होतो. रेकॉर्डिंगमध्ये खटक्यानंतर घड्याळ येतं, आणि अगदी शेवटी कुकरची शिट्टी.